एकसष्ट वाचली, आठवतात सात

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी कर्वेनगरला राहतो, नोकरी हिंजवडीत. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता रोज दोन-अडीच तास हाताशी असतात. यंदा ठरवून फक्त सायन्स फिक्शन आणि फँटसी वाचली. वाचनाची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर ६० पुस्तकांचं उद्दिष्ट होतं, ६१ झाली. जानेवारीच्या पहिल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर मला ‘माझं वर्षभराचं वाचन’ यावर २० मिनिटं बोलायचं आहे. काल यादी उघडली आणि घाम फुटला. नीट आठवतात ती जेमतेम सात. अकरा मालिका सुरू केल्या, पूर्ण झाली एक. नऊ पुस्तकं अर्ध्यात सोडली, ती मोजायची की नाही? मराठी एकही नाही, याची जरा लाजच वाटते. त्यात बाबा म्हणतात, हे सगळं पळपुटं वाचन. वर्ष वाया गेलं का? आणि आढावा घ्यायचा तर कसा घेतात?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर

नमस्कार. वाया गेलं की नाही, हे ॲपवरच्या यादीला विचारू नका. तिला फक्त तारखा माहीत आहेत. तुमच्याकडे अजून काही दिवस आहेत. त्यातल्या दोन संध्याकाळी बाजूला काढा, आणि पहिल्या संध्याकाळी ॲप उघडायचंच नाही.

एक शंभर पानी वही आणि पेन घ्या, घड्याळात ३० मिनिटं लावा आणि आठवेल ते लिहा. पुस्तकांची नावं लिहायची नाहीत. प्रसंग, एखादा माणूस, एखादं यंत्र, जेवणाचं वर्णन, एखादी चीड आणणारी गोष्ट, एवढंच. ‘दोघं जण बर्फावरून गाडी ओढत चाललेत’ इतकं पुरे. पहिल्या दहा मिनिटांत भराभर लिहून होतं, मग हात थांबतो. तिथे उठू नका. कामाच्या गोष्टी बऱ्याचदा त्या थांबण्यानंतर येतात.

या यादीत हमखास दोन खोट्या गोष्टी शिरतात. एक म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरची पुस्तकं. ती ताजी असतात, म्हणून मोठी वाटतात. दुसरी म्हणजे पडदा. चित्रपट किंवा वेबमालिका पाहिलेली असली की पुस्तक आठवतंय असं वाटतं आणि प्रत्यक्षात नटाचा चेहरा आठवत असतो. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक नोंदीपुढे ‘पान’ किंवा ‘पडदा’ लिहा. ‘ड्यून’ या विज्ञानकादंबरीचं उदाहरण घ्या. १९६५ सालच्या कादंबरीत एका वाळवंटी ग्रहावरच्या अराकीन शहरात ड्यूक लेटो मोठी मेजवानी देतो, आणि त्या टेबलावर पाण्यावरून जे बोललं जातं त्यातून त्या ग्रहाचं सगळं राजकारण उलगडतं. २०२१च्या चित्रपटात हा प्रसंग नाही. तो आठवत असेल तर तुमची आठवण पुस्तकाची. नुसती वाळू आणि तो प्रचंड किडा आठवत असेल, तर खात्री देता येत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी यादी उघडा, पण स्वतः वाचू नका. घरातल्या कुणाला तरी एकेक नाव मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही दहापैकी गुण द्या. आज वाटतात ते. वाचून झाल्या दिवशी ॲपवर पाचपैकी किती तारे दिले होते ते झाकून ठेवा. नाव ऐकून काहीच आठवलं नाही तर गुण न देता फक्त रेघ मारा, सभ्यपणा म्हणून सहा देऊ नका. ६१ नावांना तासभर पुरतो. मग जुने तारे दुप्पट करून शेजारी मांडा. पाचपैकी चार असतील तर दहापैकी आठ.

जिथे दोन्ही आकडे जवळपास आहेत ती पुस्तकं सोडून द्या. तुमच्या वीस मिनिटांना लागणारा ऐवज फरकात आहे. जूनमध्ये दहा दिलेल्या पुस्तकाला आज पाच का द्यावेसे वाटले, आणि मार्चमध्ये वैतागून चार दिलेलं आज नऊवर कसं गेलं? अशी चार ते सहा पुस्तकं निघाली तर पुष्कळ झालं. सरासरी काढण्यात वेळ घालवू नका. आवडीने निवडून वाचणाऱ्याची सरासरी पाचपैकी चार ताऱ्यांच्या आसपासच घुटमळते, तिच्यातून काही कळत नाही.

आता गुण का बदलतात ते बघू, कारण कट्ट्यावर पहिला प्रश्न तोच येणार.

विज्ञानकथेत बऱ्याचदा कल्पना डोळे दिपवते आणि तेवढ्यावर आपण तारे देऊन मोकळे होतो. दोन महिन्यांनी कल्पना विरते आणि खाली कथा नव्हतीच हे कळतं. हे तपासायची एक जुनी रीत आहे. कथेतला एक बदल वेगळा काढायचा. आपल्या जगापेक्षा या जगात नेमकी कोणती गोष्ट निराळी आहे, ती एका वाक्यात लिहायची आणि मग कथेतून उपटून बघायची. कथा तशीच उभी राहिली, तर तो बदल म्हणजे अंगावर चढवलेला झगा. कोसळली, तर ती विज्ञानकथा.

उदाहरणासाठी लांब जायला नको. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. (अकरावीला एनसीईआरटीचं इंग्रजीचं पुस्तक ज्यांना होतं त्यांनी ती ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने वाचलेली असते.) पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे रेल्वेने मुंबईला निघतात आणि उतरतात एका वेगळ्याच मुंबईत, जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. एक बदल कोणता? १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी इथे लागत नाही, निसटून जाते. एवढंच. साम्राज्य वेगळं, रेल्वे वेगळी, दुकानांच्या पाट्या वेगळ्या, सगळं त्या एका गोळीतून निघतं. ती गोळी परत विश्वासरावांना लावून बघा. गंगाधरपंतांना प्रवासाला कारणच उरत नाही. आणखी एक बघण्यासारखं आहे. लेखक हे जग भाषणातून सांगत नाही. पंत मुंबईत उतरतात, ओळखीच्या जागी ओळखीचं काही सापडत नाही, आणि मग ते जातात कुठे, तर ग्रंथालयात. इतिहासाचा माणूस दुसरं काय करणार? परत येताना पुरावा म्हणून हाती राहतो तो बखरीचा एक फाटका कागद. जग बदलल्याचा पुरावा खिशात मावतो, म्हणून ती गोष्ट वर्षानुवर्षं लक्षात राहते. तुमच्या सात पुस्तकांत असा खिशात मावणारा पुरावा कुठे आहे ते शोधा.

कल्पनेचं विज्ञान खरं आहे का, हा वेगळा प्रश्न आणि त्याचा बाऊ करू नये. पण जे पुस्तक स्वतःच ‘आम्ही काटेकोर’ म्हणून मिरवतं त्याचा हिशोब मागायला हरकत नाही. दोन आकडे जवळ ठेवा. पृथ्वी आणि मंगळ यांच्या अंतराप्रमाणे संदेशाला एका बाजूने साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. त्यामुळे मंगळावरचा नायक घरच्यांशी फोनवर तडातडा भांडत असेल, तर लेखकाने बदल न सांगताच घुसवला आहे. दुसरा आकडा ताऱ्यांचा. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जातं. त्या वेगाने तिथवरचं अंतर कापायला ७५ हजार वर्षांच्या आसपास लागतील. म्हणून यानातली माणसं तिथे दोन वर्षांत पोहोचत असतील तर कसं, हे पुस्तकात कुठेतरी असायला हवं. एका ओळीत असलं तरी चालेल, पण हवं.

फँटसीला हा हिशोब लावू नका, तिचा वेगळा आहे. तिथे विचारायचं की जादूची किंमत कोण मोजतं. मंत्र म्हटला आणि संकट टळलं, असं तीन वेळा झालं की चौथ्या वेळी भीती वाटत नाही, आणि भीती गेली की पुढची तीनशे पानं आपण नुसती उलटतो. दुसरं, पुस्तकाच्या सुरुवातीचा नकाशा. त्याच्यावर सुतळी ठेवून अंतर मोजा. घोडेस्वार एकाच घोड्यावर दिवसामागून दिवस जात असेल, तर ४० ते ५० किलोमीटर ही बरी मजल. पुण्याहून साताऱ्याला दोन-तीन दिवस धरा. सामानसुमान आणि पायदळ असलेलं सैन्य त्याच्या निम्म्यानेही सरकत नाही. ज्या लेखकाने हे सांभाळलेलं असतं त्याच्या युद्धाला दाणागोटा, थकवा, पाऊस हे सगळं आपोआप येतं. ज्याने नाही सांभाळलं त्याचे घोडे म्हणजे पेट्रोलवरच्या दुचाक्या. आज ज्या फँटसीला तुमचे गुण कमी पडले तिचा नकाशा एकदा मोजून बघाच.

आकड्यांचं म्हणाल तर ६१ हा आकडा बोलताना एकदाच सांगा आणि लगेच सोडा. त्यात किती काय मिसळलंय ते मात्र स्वतःपुरतं बघून घ्या. विज्ञानकथा-फँटसीसाठीच्या ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांची वर्गवारी शब्दांवर चालते. ७,५०० शब्दांच्या आत लघुकथा, ७,५०० ते १७,५०० नॉव्हेलेट, १७,५०० ते ४०,००० नॉव्हेला, त्यापुढे कादंबरी. अलीकडे नॉव्हेला सुटं पुस्तक म्हणून निघते, शंभर-सव्वाशे पानांची. ॲपच्या लेखी ती एक आणि हजार पानी ठोकळाही एकच. उद्दिष्ट गाठायला डिसेंबरात पातळ पुस्तकं घुसवली असतील तर इथे दिसेल. शब्द मोजायचे असतील तर मधली तीन भरलेली पानं घ्या, ओळी मोजा, ओळीतले शब्द मोजा, गुणाकार करा. ३२ ओळी, ओळीत १० शब्द, म्हणजे पानाला ३२०. ४०० पानांचे झाले १,२८,०००. हाच मापदंड मराठीला लावू नका. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत तीन शब्द लागतात तिथे आपलं ‘घरात’ एका शब्दात आटोपतं. त्यामुळे तीच गोष्ट मराठीत कमी शब्दांत मावते, ती लहान असते म्हणून नव्हे.

बसमध्ये कानांनी ऐकलेली पुस्तकं वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहा. ती वाचनात धरायची की नाही हा वाद आम्हाला फिजूल वाटतो, धरा. पण चांदणी चौकाच्या गर्दीत दीडपट वेगाने ऐकलेल्या फँटसीतली माणसं आठवत नसतील, तर दोष पुस्तकाचा नाही. ज्या नावांचं स्पेलिंग कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही ती नावं डोक्यात टिकत नाहीत. एकाच माणसाच्या कथनात चालणारी, कमी पात्रांची विज्ञानकथा कानाला चांगली. घराण्यांची वंशावळ लागणारी फँटसी कागदावरच वाचा.

अर्धवट सोडलेली नऊ. ती मोजायची, पण वेगळ्या पानावर. सोडलं तो पान क्रमांक आणि एक कारण, एवढंच लिहा. ‘कंटाळा’ हे कारण धरू नका, कशाचा ते लिहा. पहिल्या ५०-८० पानांत सोडलेली फँटसी बहुधा नावांनी मारलेली असते. पहिल्या तीन प्रकरणांत तीस नावं, त्यातली दहा ‘क’वरून. अशा वेळी जाड कागदाची साधारण ५ बाय १८ सेंटिमीटरची पट्टी कापा, तीच खूण म्हणून पुस्तकात ठेवा. वरच्या भागात माणसं, मधल्या भागात जागा, खाली वस्तू. नाव आलं की त्यापुढे तीन शब्द. शेवटी दिलेली पात्रसूची उघडायची नाही. कोण मेलं, कोण राजा झालं, ते तिथे हमखास फुटतं. पट्टी भरूनही पुस्तक पुढे सरकत नसेल तर खुशाल सोडा. साठ-सत्तर टक्क्यांवर सोडलेली मात्र वेगळी. तिथे लेखक पुढच्या भागासाठी सामान साठवत बसलेला असतो आणि वाचकाला ते कळतं. नऊपैकी पाच याच जातीची निघाली, तर तुमची तक्रार पुस्तकांबद्दल नाही, मालिकांबद्दल आहे.

त्या अकरापैकी अपुऱ्या राहिलेल्या दहा मालिकांचं काय करायचं? आधी बघा, अपुरेपणा कुणाचा आहे, तुमचा की लेखकाचा. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्यावर बेतली त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा भाग २०११ साली आला, सहाव्याची वाट जग बघतंय. तिथे तुम्हाला अपराधी वाटण्याचं कारण नाही, असेल तिथपर्यंत वाचलंत की तुमचं काम झालं. उलट ‘व्हील ऑफ टाइम’ या फँटसी मालिकेचे १४ भाग पूर्ण आहेत. तिचे लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली वारले आणि शेवटचे भाग ब्रँडन सँडरसन यांनी लिहून २०१३ साली मालिका संपवली. ती सुरू करताना चौदाचा हिशोब आधी करायचा. तुमच्या दहाचे तीन गट करा. पुढचा भाग आत्ता समोर ठेवला तर आज रात्री उघडाल, अशा मालिका चालू ठेवा. पुढे काय होतं एवढीच उत्सुकता असेल तर सारांश वाचून मोकळे व्हा, त्यात कसलाही कमीपणा नाही. तिसऱ्या गटाची पुस्तकं देऊन टाका. पहिल्या गटात तीनपेक्षा जास्त उरल्या तर तुम्ही स्वतःशी खोटं बोलताय.

क्रमाबद्दलही थोडं, कारण तुमची एखादी मालिका चुकीच्या टोकाने सुरू झालेली असू शकते. कथेच्या कालक्रमाने न वाचता लिहिल्या गेलेल्या क्रमाने वाचा. नार्निया या मुलांच्या फँटसी मालिकेतली पहिली गोष्ट, जिच्यात मुलं एका कपाटातून त्या जगात शिरतात, १९५० साली आली आणि त्या जगाच्या जन्माची गोष्ट १९५५ साली, सहावी म्हणून. अनेक संचांत तीच क्रमांक एक म्हणून छापतात. आधी ती वाचली तर कपाटामागे काय आहे हे कळूनच तुम्ही कपाट उघडता. आसिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ या विज्ञानकथा मालिकेचंही तसंच. मूळ तीन पुस्तकं १९५१ ते १९५३ची, त्यांच्या आधीचा काळ सांगणारी दोन १९८८ आणि १९९३ची. मागून लिहिलेलं आधी वाचलं की मूळ पुस्तकं पोकळ वाटतात, आणि मग आपण तारे कमी देतो ते मूळ पुस्तकांना.

आता मराठी. लाज वाटून घेऊ नका, पण कारण समजून घ्या. तुम्ही कादंबऱ्या मोजताय आणि मराठी विज्ञानकथा मुख्यतः कथेत वाढली, दिवाळी अंकांत आणि स्पर्धांत. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ची, तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने लिहिते हात पुढे आणले. १९७४ साली त्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं, लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. ती आद्याक्षरं उलटी वाचा. जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी उलटं नाव घातलं होतं. यातून आपल्या कामाची युक्ती मिळते. दिवाळी अंकातली विज्ञानकथा वाचताना शीर्षकाच्या पानावर लेखकाच्या नावावर कागदाची चिठ्ठी लावा, कथा संपल्यावर गुण द्या, मग चिठ्ठी काढा. चार-पाच कथांत स्वतःचे पूर्वग्रह कळतात.

सुरुवात कादंबरीने करू नका. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचे कथासंग्रह घ्या आणि दर रविवारी एक कथा, असे तीन महिने. इंग्रजीची सवय असल्याने पहिल्या तीन-चार कथांत संवाद जुन्या वळणाचे वाटतील, शास्त्रज्ञ पात्र पानभर समजावत बसेल. तिथे नाराज होऊ नका. त्या काळचा वाचक विज्ञान पहिल्यांदाच मराठीत वाचत होता, त्याला ते समजावणं लागत होतं. जावडेकरांपर्यंत आलात की हे बरंच कमी झालेलं जाणवेल.

भयाकडे झुकणारी फँटसी हवी असेल तर नारायण धारप (१९२५–२००८), आपल्या पुण्याचेच. त्यांची ‘लुचाई’ वाचताना ओळखीचं वाटेल, कारण ती स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. ती दोन्ही लागोपाठ वाचा. अमेरिकन गाव मराठी मुलखात आणताना धारपांनी काय ठेवलं, काय टाकलं, ते पेन्सिलने समासात लिहीत जा (ग्रंथालयाची प्रत असेल तर वहीत). हा एका महिन्याचा चांगला प्रकल्प आहे. टॉल्किन मराठीत वाचायचे असतील तर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मुग्धा कर्णिक यांचा अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ नावाने आहे. इंग्रजीत वाचलेलं असलं तरी त्यातली गाणी कशी आणलीत एवढं तरी बघा.

शोधायला गेलात की दुकानात ‘सायफाय कुठे आहे’ असं विचारू नका. अप्पा बळवंत चौकात तुम्हाला बारावी सायन्सची गाइडं पुढ्यात ठेवतील. लेखकाचं नाव घ्या. ग्रंथालयातही हा माल एका कपाटात नसतो. नारळीकर ‘विज्ञान’मध्ये किंवा ‘कथासंग्रह’मध्ये, धारप ‘रहस्य-गूढ’मध्ये, आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेले ज्यूल व्हर्न ‘बालसाहित्या’त. फँटसीला तर आपल्याकडे धड पाटीच नाही. कुणी ‘अद्भुतरम्य’ म्हणतं, कुणी ‘अद्भुतिका’. पुणे नगर वाचन मंदिर किंवा नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, दोन्ही तुम्हाला शनिवारी जमण्यासारखी. अनामत आणि वर्गणी भरा. दिवाळीनंतर अनेक वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी योजना चालवतात, ठरावीक रक्कम भरून अंक बदलून बदलून न्यायचे. जानेवारीपर्यंत नवे करकरीत अंक हातोहात फिरून मऊ झालेले असतात, पण वाचकही ओसरलेले असतात. तुम्हाला हवी ती कथा तेव्हा शांतपणे मिळते.

बाबांशी वाद घालू नका. पळपुटं म्हणजे काय हे ठरवायला बसलात तर हातिमताई आणि वेताळ पंचविशीपासून सुरू करावं लागेल आणि जेवण गार होईल. त्यांना गंगाधरपंतांची कथा द्या. पानिपत म्हटल्यावर पुण्यातला कुठला बाप नाही म्हणतो बघू. वाचून झाल्यावर ‘विश्वासराव वाचले असते तर खरंच असं झालं असतं का’ एवढंच विचारा आणि ऐकत बसा.

राहिली वीस मिनिटं. सावकाश बोललात तर मिनिटाला ११० ते १३० शब्द होतात, म्हणजे लिहून काढलेलं भाषण २,२०० ते २,६०० शब्दांचं. त्यात तीन पुस्तकं मावतात. गुण चढलेलं एक, गुण उतरलेलं एक, आणि अर्ध्यात सोडलेलं एक. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी यातलं काही वाचलेलं नसणार, म्हणून नावांची माळ ओढू नका. पुस्तकातला एक बदल एका वाक्यात सांगा, मग तो प्रसंग, मग तुमचा आजचा गुण आणि जुना गुण. एखादा उतारा वाचायचा तर दोन मिनिटांच्या आत, आणि इंग्रजी असेल तर आदल्या दिवशी स्वतः मराठीत करून आणा. शेवट फोडायचा नाही. ‘या वर्षातलं सर्वोत्तम’ म्हणताना ‘यंदा वाचलेलं’ म्हणताय की ‘यंदा आलेलं’ ते स्पष्ट करा. पुरस्कारही आदल्या वर्षीच्या प्रकाशनांनाच मिळतात.

कट्ट्यावर मुलं येत असतील तर बरोबर एक वस्तू न्या. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’त डाव्या-उजव्याची अदलाबदल हाच तो एक बदल. तो हाताने दाखवता येतो. स्टेशनरीच्या दुकानातून ए-४ आकाराच्या दोन ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचे कागद) आणा. लांबीच्या बाजूने ४ सेंटिमीटर रुंद अशी एकेक पट्टी कापा, दोन्ही जोडून साधारण ५७ सेंटिमीटरची एक लांब पट्टी करा. एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्या टोकाला चिकटवा. पट्टीवर एका जागी परमनंट मार्करने डावा हात काढा, बोटं पट्टीच्या लांबीच्या दिशेने, अंगठा वरच्या कडेला. उरलेल्या शीटचा ३ सेंटिमीटरचा चौकोन कापा, तो त्या हातावर ठेवून तंतोतंत तसाच हात त्यावर गिरवा. आता चौकोन पट्टीला चिकटूनच, न उचलता, पूर्ण फेरी सरकवत आणा. मूळ हाताच्या जागी तो येईल पट्टीच्या पलीकडच्या अंगाला. आरपार बघा, बोटं त्याच दिशेला आणि अंगठा खालच्या कडेला. डावा हात उजवा झाला.

घरी एकदा करून बघा, कारण दोन गोष्टी फसतात. या शीटला फेव्हिकॉल धरत नाही, पारदर्शक सेलोटेप लागतो, तोही दोन्ही बाजूंनी, नाहीतर चौकोन जोडावर अडकतो. आणि अर्ध्याऐवजी चुकून पूर्ण पीळ पडला, तर हात जसा गेला तसाच परत येतो आणि मुलं हसतात.